सहा सिलिंडरच्या दहा चाकीला परवडणारा सायलेन्सर कोणता घ्यावा?

शिरोली_नाका (धागाकर्ता), १४ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी टाटा एलपीटी २५१५, दहा टायर, २००९ चं मॉडेल. इंजिन कमिन्स ५.९, सहा सिलिंडर, टर्बो. वडिलांनी घेतलेली, गेली सहा वर्षं मी बघतोय. जाताना कोल्हापूरहून न्हावा शेव्याला साखरेची पोती, येताना मिळेल तो माल.

सायलेन्सर मागच्या टोकाला शिवणीवर फाटलाय. दोनदा वेल्डिंग मारलं, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत पुन्हा उघडला. पत्रा इतका कुजलाय की टाकाच धरत नाही. पुढच्या महिन्यात फिटनेस आहे आणि दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की गाडी उभी ठेवायला वेळ मिळणार नाही.

चौकशी केली. कंपनीचा ओरिजिनल साडेनऊ हजार सांगतात. बाजारात दोन मिळाले, एक ३२०० चा आणि एक ४८०० चा. उद्यमनगरात एक जण पत्रा वळवून चार हजारात करून देतो म्हणतो. तिघंही आपलाच माल चांगला म्हणतात. चार-पाच हजारांत काम व्हावं ही इच्छा आहे, पण वर्षभरात परत तेच करायचं नाही. सायलेन्सर बघून घ्यायचा म्हणजे नेमकं काय बघायचं?

अजून एक. मागच्या दोन-तीन महिन्यांपासून खंबाटकीला गाडी दम टाकते. आधी तिसऱ्यात चढायची तिथं आता दुसरा टाकावा लागतो. एअर फिल्टर नवा आहे. याचा सायलेन्सरशी काही संबंध असेल का?

ऊसपट्टा, १४ ऑगस्ट, रात्री १०.०५

सरळ पाइप टाका, हजार रुपयांत काम. गाडी मोकळी होते, ॲव्हरेज वाढतं. आमच्याकडे चार गाड्या तशाच पळतात.

पाना_बावीस, १४ ऑगस्ट, रात्री १०.३१

शिरोलीकर, पैसे मोजायच्या आधी एक काम करा. इंजिन थंड असताना गाडीखाली जाऊन सायलेन्सरवर रबरी हातोड्यानं चारही बाजूंनी ठोका. आत काही खुळखुळलं, तर आतली प्लेट किंवा छिद्राची नळी सुटली आहे असं समजा. सुटलेली प्लेट वाऱ्याच्या दाबानं आडवी होऊन बसते आणि धुराची वाट अडवते. चढाला दम टाकण्याचं कारण तिथंच सापडेल. फाटलाय मागे, पण अडलंय पुढे, अशा गाड्या मी बऱ्याच उघडल्यात.

चढाला काळा धूर वाढलाय का? तेही सांगा.

शिरोली_नाका, १५ ऑगस्ट, सकाळी ११.१५

ठोकून बघितला. पुढच्या बाजूला स्पष्ट खुळखुळतंय. काळा धूर वाढलाय हे आण्णांनी (आमचे ड्रायव्हर, वडिलांच्या वेळेपासूनचे) सांगितलं होतं, पण मी नोझलवर ढकलत होतो.

चालकाची_लेक, १५ ऑगस्ट, दुपारी १.२०

ऊसपट्टादादा, तुमच्या सल्ल्यावर मनापासून लिहिते आहे, राग मानू नका. माझे बाबा सव्वीस वर्षं ट्रक चालवत होते. त्यातली शेवटची नऊ वर्षं ज्या गाडीवर होते तिचा सायलेन्सर मालकानं आतून रिकामा करून घेतला होता. आज बाबांना समोर बसून बोललेलंही नीट ऐकू येत नाही. बारीक आवाज आधी गेले: पाखरं, फोनची रिंग, नातीचं बोलणं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानातल्या ज्या पेशी आवाजानं मेल्या त्या परत येत नाहीत. यंत्र लावलंय, त्याला पंचवीस हजार लागले. रोजचे आठ तास ८५ डेसिबलच्या वर काढले की कान झिजतो हे मला तेव्हा कळलं. आणि ट्रकवाल्याचे कुठले आठच तास?

चार गाड्यांवर तुमची चार माणसं बसलेली आहेत. त्यांचा विचार करा एवढंच.

नादनियंत्रण, १५ ऑगस्ट, दुपारी ४.५०

मी चाकणला एक्झॉस्टच्याच कामात आहे. ताईंनी जे लिहिलंय त्याला आकड्यांची जोड देतो, आणि ॲव्हरेजचा समजही एकदा नीट पाहू.

चार स्ट्रोकचं सहा सिलिंडर इंजिन एका फेऱ्यात तीन ठोके बाहेर टाकतं. १५०० आरपीएमला मिनिटाला साडेचार हजार, म्हणजे सेकंदाला ७५. हा खर्जातला आवाज आहे. पत्र्यातून, चासीतून, केबिनच्या तळातून तो आत येतो आणि काचा लावल्या तरी थांबत नाही. असा खालचा आवाज मारायला डब्याला पोट लागतं. ग्लासवूलची लहान सरळ नळी वरचा चरचराट खाते, ७५ च्या ठोक्याला तिचा फारसा उपयोग नाही. म्हणून ट्रकचा सायलेन्सर मोठा असतो. तुमचं इंजिन ५.९ लिटरचं. डब्याचं पोट त्याच्या निदान पाच-सहापट असावं असा आम्ही ढोबळ हिशोब धरतो, म्हणजे ३० ते ३५ लिटर. दुकानात टेप घेऊन जा. २५ सेंटीमीटर व्यासाचा आणि ९० लांबीचा गोल डबा साधारण ४४ लिटरचा भरतो. १८ व्यासाचा आणि ७० लांबीचा जेमतेम १८ लिटरचा. बाहेरून दोन्ही 'सहा सिलिंडरचा' म्हणूनच विकतात.

आता सरळ पाइप आणि ॲव्हरेज. ५.९ वर यांत्रिक पंप आहे, तो ठरलेलं डिझेल टाकतो. सायलेन्सर काढला म्हणून पंप कमी डिझेल टाकत नाही. सायलेन्सर चोंदला असेल तर तो काढल्यावर फरक जाणवतोच, कारण धुराची अडलेली वाट मोकळी होते. पण तोच फरक चांगला नवा सायलेन्सर बसवूनही मिळतो. कमिन्सच्या बी सिरीजसाठी पूर्ण लोड आणि रेटेड आरपीएमला एक्झॉस्टचा मागचा दाब (बाहेर पडणाऱ्या धुराला वाटेत होणारा अडथळा) ७६ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चालतो. म्हणजे इंजिन बनवणाऱ्यांनी सायलेन्सर धरूनच हिशोब केलेला आहे. धड सायलेन्सर त्या मर्यादेच्या आत बसतो.

वाडीनाका_नागपूर, १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१२

सायलेन्सर नसणं हा कायद्यानंही गुन्हा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२० वा नियम सायलेन्सरचाच. आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला कलम १९०(२) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेलाच दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने बाद. हजार रुपयांचा पाइप एका नाक्यावर किती महाग पडेल बघा.

पत्रा वळवून घेणार असाल तर पाइपाचं तोंड कुठं काढतोय यावर लक्ष ठेवा. धूर खाली जमिनीकडे किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही, असा नियम आहे. डावीकडे पायी चालणारी माणसं असतात. डिझेलच्या नळीपासून एक्झॉस्ट पाइप निदान ३५ मिलिमीटर लांब हवा. आमच्या एका गाडीला स्थानिक कारागिरानं पाइप जवळून नेला होता, डिझेलची नळी मऊ पडलेली पासिंगच्या आधी दिसली म्हणून वाचलो.

ऊसपट्टा, १५ ऑगस्ट, रात्री ८.४४

ताई, राग नाही. माझा मोठा भाऊच एक गाडी चालवतो. तो टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतो म्हणून घरात रोज भांडण होतं, ते आज डोक्यात आलं. वाचतोय.

पाना_बावीस, १५ ऑगस्ट, रात्री ९.३०

आता दुकानात काय बघायचं ते सांगतो. मी माल विकत नाही, बसवतो, म्हणून काय टिकतं ते दिसतं.

पहिलं वजन. दुकानदाराकडे काटा असतोच. दोन्ही डबे काट्यावर ठेवा. सारख्या मापाचा एक ११ किलो आणि दुसरा १६ किलो असेल, तर मधल्या पाच किलोंचा पत्रा आणि आतल्या प्लेटा गायब आहेत. बाहेरचा रुपेरी रंग दोन्हीकडं सारखाच असतो आणि पहिल्या आठवड्यात जळून जातो. रंगाकडं बघू नका.

दुसरं भोक. तोंडाचं बाहेरचं माप सगळेच बरोबर ठेवतात, नाहीतर बसणारच नाही. टॉर्च लावून आत बघा. बऱ्याच स्वस्त डब्यांत आतली नळी बारीक असते. बाहेर साडेतीन इंच आणि आत अडीच इंच असेल, तर वाट निम्म्यावर आली. अशा डब्यावर तुमची गाडी खंबाटकीला आजच्यासारखीच दम टाकणार.

तिसरं टोकाची झाकणं. घडी घालून दाबलेली शिवण आणि वरून सलग वेल्डिंग असेल तर उत्तम. नुसते ठिपके मारलेले असतील तर घेऊ नका.

स्टेनलेस म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर चुंबक लावून भांडत बसू नका. एक्झॉस्टला वापरतात ते ४०९ स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. त्यावर वरवर तांबूस गंजही येतो, पण लवकर भोक पडत नाही. बिलावर ४०९ लिहून द्यायला सांगा. लिहून देत नसेल तर तो साधा पत्रा समजून भाव करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फाटला का ते शोधा. शिवणीवर दोनदा फाटला म्हणजे डबा लोंबकळतोय. पुढचा ब्रॅकेट, पट्टे, रबर बुश बघा. टर्बोनंतर जो नरम नळीचा तुकडा असतो, बेलो, तो कडक झालाय का, की कुणी काढून सरळ पाइप वेल्ड केलाय? इंजिन माउंटिंगवर हलतं, सायलेन्सर चासीला बांधलेला असतो. मधला नरम तुकडा नसेल तर सगळा हिसका शिवणीवर येतो. उद्या टर्बोच्या तोंडाला तडा गेला तर खर्च कुठं जाईल सांगायला नको.

ओहायोकर, १६ ऑगस्ट, पहाटे ३.२६

मूळचा इस्लामपूरचा, इकडे अमेरिकेत आहे. माझ्याकडे १९९६ चा डॉज रॅम पिकअप आहे आणि त्यातही हेच कमिन्स ५.९ आहे, बारा व्हॉल्व्हचं, यांत्रिक पंपाचं. साखरेची पोती ओढणारं इंजिन इकडे घोड्यांच्या गाड्या ओढतं हे बघून मला नेहमी घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

इकडे या गाडीचा मफलर काढून टाकायची हौस फार. मीही काढला होता. गावात मजा वाटली. मग महामार्गावर १८०० आरपीएमला एकाच वेगात चार तास गेलो आणि उतरल्यावर डोकं बधिर. सेकंदाला ९० ठोके, एकाच सुरात. आठवड्यात परत बसवला. ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या साध्या लोखंडी पत्र्याचा घेतला, स्टेनलेसपेक्षा बराच स्वस्त. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तरी सातवं वर्ष चालू आहे. तुमच्याकडे असा पत्रा मिळाला तर विचार करा.

शिरोली_नाका, १७ ऑगस्ट, रात्री ९.०५

आज गाडीखाली दोन तास घातले. पाना_बावीस, तुमचं म्हणणं खरं ठरलं. पुढचा ब्रॅकेट चासीपाशी तुटलेला आणि डबा फक्त मागच्या पट्ट्यावर आणि पाइपावर लोंबत होता. बेलो आहे, पण त्याची जाळी अर्धी निघालेली. म्हणजे मी दोनदा वेल्डिंगला दिलेले पैसे वाया गेले, कारण हिसका तसाच होता.

दुकानात टेप आणि टॉर्च घेऊन गेलो. ३२०० चा डबा साडेअकरा किलो, आतली नळी अडीच इंच. ४८०० चा सोळा किलो, आत पूर्ण साडेतीन इंच, २४ व्यास आणि ८८ लांबी. ओरिजिनल काट्यावर अठरा भरला. दुकानदार आधी कुरकुरला, मग स्वतःच कुतूहलानं बघायला लागला. म्हणाला, आजवर काट्यावर ठेवून कुणी मागितला नाही.

४८०० चा घ्यायचा ठरवतोय. उद्यमनगरच्या कारागिराकडून तुटलेला ब्रॅकेट जाड पट्टीत बनवून घेईन. नवा बेलो अकराशे. काही राहिलंय का?

नादनियंत्रण, १७ ऑगस्ट, रात्री १०.२०

२४ × ८८ म्हणजे जवळजवळ ४० लिटर. छान आहे.

जुना काढायच्या आधी मागचा दाब मोजून ठेवा, म्हणजे नव्याशी तुलना करता येईल. महागडं यंत्र नको. टर्बो आणि सायलेन्सरच्या मधल्या सरळ पाइपावर एक भोक, त्यावर नट वेल्ड करून घ्या. त्यात मीटरभर तांब्याची नळी बसवा, धूर तिच्यात थंड होतो. तिच्या पुढे गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधून निम्मी पाण्यानं भरा. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा. मोजून झालं की नटाला बोल्ट मारून बंद.

एक लक्षात ठेवा. ७६ मिलिमीटर पारा म्हणजे साधारण एक मीटर पाणी, पण तो आकडा पूर्ण लोडचा. उभ्या गाडीत धूर कमी आणि थंड असतो, आकडा खूप लहान येतो. त्याची तुलना मीटरशी करू नका, जुना आणि नवा एवढंच बघा.

पाना_बावीस, १७ ऑगस्ट, रात्री १०.४१

डबा बसवल्यावर सगळ्यात खालच्या ठिकाणी तीन मिलिमीटरचं एक भोक पाडा. एक लिटर डिझेल जळलं की वाफेतून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या फेरीत ते उडून जातं, पण कारखान्याच्या रांगेत गाडी दिवसभर पुढे सरकवत राहिलात की डब्यात साठतं आणि आतून कुजवतं. तुमचा जुना डबा कापून बघा, तळच गेलेला असेल.

फ्लेंजचं पॅकिंग नवंच घाला. जुनं उलटं करून बसवू नका. बोल्ट दोन फेऱ्यांनंतर गरम-थंड होऊन सैल पडतात, तेव्हा परत आवळा. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) असेल तर पॅकिंगची गळती उतारावर लगेच जाणवते, ब्रेक धरत नाही.

तिसरागिअर, १८ ऑगस्ट, सकाळी ८.१०

मधेच विचारतो. माझी २०२१ ची बीएस-६ आहे, कमिन्स ६.७. त्याला असाच बाजारचा सायलेन्सर चालेल का? आवाज वाढलाय.

नादनियंत्रण, १८ ऑगस्ट, सकाळी ९.००

नाही. तुमच्या गाडीत त्या डब्यात काजळीचा फिल्टर आणि डीईएफवर (युरियाच्या द्रावणावर) चालणारा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट आहे, सेन्सर आहेत. तो बदलला तर इंजिनची ताकदच कापली जाईल आणि गाडी कायद्यानंही बाद. तुमचा आवाज बहुतेक जोडातल्या गळतीचा असेल. सकाळी थंड इंजिन सुरू करून प्रत्येक क्लॅम्पभोवती काजळीचा डाग शोधा.

शिरोली_नाका, २६ ऑगस्ट, रात्री ८.३०

बसवला. हिशोब: सायलेन्सर ४८०० चा घासाघीस करून ४५००, बेलो ११००, ब्रॅकेट आणि मजुरी १४००, पॅकिंग, पट्टे, रबर मिळून ४५०. एकूण ७४५०. सुरुवातीला चार-पाच हजार धरले होते. पण ब्रॅकेट आणि बेलो ओरिजिनल डब्याबरोबरही करावेच लागले असते.

पाण्याची नळी बांधून मोजलं. जुन्यावर ३१ सेंटीमीटर, नव्यावर ९. गॅरेजमधली सगळी पोरं भोवती जमली होती. जुना डबा ग्राइंडरनं उभा चिरला: पुढची प्लेट वेल्डिंगमधून सुटून नळीच्या तोंडावर आडवी झालेली, आणि तळाचा पत्रा हातानं पापडासारखा मोडला.

काल पहिली फेरी झाली. आण्णांनी खंबाटकी चढून फोन केला, "तिसऱ्यात आली." पुढे म्हणाले, "आणि केबिनमध्ये क्लीनरशी बोलताना ओरडावं लागलं नाही." एवढी वर्षं ते ओरडून बोलायचे, मला वाटायचं त्यांची बोलायची पद्धतच तशी आहे. चालकाची_लेक, तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. पुढच्या आठवड्यात त्यांचे कान तपासायला घेऊन जातोय.

चालकाची_लेक, २६ ऑगस्ट, रात्री ९.१५

जा, नक्की जा. तपासणीच्या आधीचे दोन दिवस त्यांना गाडीवर पाठवू नका. कान आवाजानं थकलेला असला की तपासणी नीट येत नाही. बाबांच्या वेळी आम्हाला परत जावं लागलं होतं.

ऊसपट्टा, २९ ऑगस्ट, सायंकाळी ७.०२

भावाच्या गाडीपासून सुरुवात करतोय. त्याची १६१३ आहे, टाटाचं ६९७ इंजिन, टर्बोवालं. शिरोलीकर, त्या दुकानदाराकडं ६९७ चा वजनदार डबा मिळतो का? माप मी घेऊन ठेवलंय, तोंड बाहेरून ८९ मिलिमीटर.

शिरोली_नाका, २९ ऑगस्ट, रात्री ८.२०

मिळतो. मी सोमवारी तिकडंच आहे, काट्यावर ठेवून वजन आणि आतल्या नळीचं माप इथं टाकतो. तोवर भावाच्या गाडीचा पुढचा ब्रॅकेट आणि बेलो बघून घ्या.